तीन घरं वर

६ मे
उजवा खांदा उचलत नाही, पेन कसंबसं धरलंय. काल माकणीच्या वरातीत संजयनं माईकचा स्टँड माझ्या खांद्यात घातला. सख्खा धाकटा भाऊ. त्याआधी मी त्याचा गळा धरला होता. गाणाऱ्याचा गळा. दोन्ही अंगठे रुतवले, डोळे पांढरे झाले तरी सोडलं नाही. ढोलकीवाल्यानं माझ्या केसांना धरून मागं ओढलं तेव्हा सुटला. नवरदेवाचा घोडा उधळला, करवल्या सैरावैरा पळाल्या. सतरा वर्षं एकत्र बँड चालवला, कधी शिवीसुद्धा दिली नव्हती एकमेकांना.

सुरुवात कुणी केली, आई विचारते. त्यानं केली. भर वरातीत माईकवर म्हणाला, "आमच्या बटणमास्तरसाठी टाळ्या होऊन जाऊ द्या." लोक हसले.

७ मे
बटणमास्तर. खरं आहे म्हणूनच झोंबलं. मला कॅसिओवर एकच पट्टी येते, पांढरी एक. गाणारा कुठल्याही सुरात गाऊ दे, मी ट्रान्सपोजचं बटण दाबून अख्खी पेटी वरखाली करतो, बोटं जिथल्या तिथं. आमच्याकडच्या निम्म्या बँडवाल्यांचं असंच चालतं. संजयची पट्टी काळी एक, म्हणजे बटण एक घर वर. एवढीच माझी विद्या.

इथं तरी खरं लिहितो. लोक हसले तेव्हा मी बटण आणखी तीन घरं वर नेलं. मुद्दाम. पुढचं कडवं त्यानं तसंच उचललं आणि वरच्या सुरावर आवाज फाटला. लोक परत हसले, आता त्याला. बरं वाटलं मला. तो वळला आणि माझ्या कानाखाली वाजवली. मग मी गळा धरला.

सगळ्यांना सांगितलंय, बोट चुकून लागलं.

९ मे
उमरग्याच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून बघितलं. घशाला आतून सूज. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. आवाज परत येईल का, विचारलं तर म्हणाले, बघू. संजय बायकोला घेऊन बेंबळीला सासुरवाडीत गेला. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी आईनं वरवंटा आणला आणि कॅसिओवर घातला. एकदा नाही, सात-आठ वेळा. पट्ट्या उडून चुलीपर्यंत गेल्या. मी धरायला गेलो तर वरवंटा माझ्यावर उगारला.
"ह्याच्यासाठी जगवलं व्हय रं तुमा दोघांला? एकमेकाचं नरडं धराया?"
नंतर तिथंच बसून पट्ट्या गोळा करत राहिली.

१२ मे
मुरूमच्या बाजारात संजयच्या मेव्हण्यानं गाठलं. बरोबर दोघं. कांद्याच्या गोण्यांमागं नेऊन बुकललं. खालचा एक दात गेला. एकाचं नाक मीही फोडलं. रक्त माझं किती, त्याचं किती, शर्टावरून कळेना. आईनं शर्ट धुतला नाही, सरळ जाळला.

१५ मे
रोज मनात मारामारी. कधी मेव्हण्याला मारतो, कधी संज्याला, कधी स्वतःला. आज न्हाणीच्या भिंतीवर मूठ मारली. भिंतीला काय होतंय.

बटणाशिवाय वाजवून दाखवायचं त्याला. मग बोल म्हणावं बटणमास्तर.

१९ मे
उमरग्यात एक बाई आहेत, शाळेत संगीत शिकवायच्या, आता रिटायर. घरात पियानो. सोलापुरातून टेंपोत घालून आणलाय. त्याला बटण नाही. मी बटण शोधतोय हे बघून बाई गालात हसल्या.

झाकण जड, शिसवी. त्याची खीळ तुटलीय, म्हणून लाकडी दांडकं लावून उघडं ठेवतात. बाईंनी पहिल्यांदा तेच सांगितलं, दांडकं निसटलं तर बोटं जातील.

मग एक कागद दिला. पू पू अ, पू पू पू अ. पू म्हणजे पूर्ण, काळी-पांढरी धरून एक पट्टी सोडून पुढची; अ म्हणजे अर्धं, लगतची. कुठूनही निघा, याच पावलांनी चाला, सा रे ग म बरोबर लागतं. बस, एवढंच. आणि मी सतरा वर्षं बटण दाबत बसलो होतो.

२३ मे
पांढरी दोनवरून निघालो. तिसऱ्या सुराला काळी तीन येते, बोट सवयीनं पांढरीवर पडतं. अकरा वेळा चुकलो. बाराव्या वेळी दोन्ही मुठी पट्ट्यांवर आपटल्या. आत एक तार तुटली, बंदुकीसारखा आवाज.

बाई आतून आल्या. वाटलं, हाकलतील. म्हणाल्या, "मार अजून. तारा लई हैत." आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. मला लाज वाटली. तेराव्यांदा नीट वाजवलं.

३० मे
काळी एक आली. संजयची पट्टी. काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी चार, काळी पाच, वरची पांढरी एक, वरची काळी एक. बटणाशिवाय. घरी येताना एसटीत मांडीवर वाजवत आलो.

६ जून
आज बाई म्हणाल्या, हीच ओळ तीन घरं वर घे. मी हात पट्ट्यांवरून उचलला. मी का थांबलो ते त्यांना माहीत नाही.

घेतली. बोटं एक एक घर सरकवत नेली. वरच्या सुरापर्यंत हात ताणला तेव्हा कळलं, मी त्याला कुठं नेऊन सोडलं होतं. बटण दाबताना काहीच कळत नाही, एक टिक वाजतं फक्त. मी त्याचा आवाज ठरवून फाडला. गळा धरायच्या आधीच धरला होता.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? त्याला सांग."

१५ जून
आई बेंबळीला जाऊन आली. संजय बोलायला लागलाय म्हणे, पण आवाज ओळखू येत नाही. वरचं काही लागत नाही. बायकोवर ताट फेकलं त्यानं. पहिल्यांदाच. माझा हात त्याच्या घरात पोचला.

आईच्या हाती निरोप धाडला होता. उमरग्याला ये एकदा. उत्तर नाही.

२२ जून
अकरा पट्ट्या येतात. काळी पाच अजून अडखळते.

२९ जून
संजय आला.

एकटा. बसला नाही, पियानोला टेकून उभा राहिला. गळ्यावर डाव्या बाजूला माझ्या अंगठ्याच्या नखाचा वण, काळपट. बाई चहाच्या निमित्तानं आत गेल्या. मी म्हणालो, सा लाव. लावला. खरखरीत, जाड. मी पट्टी शोधली. काळी पाच, खालची. आधीच्या जागेपासून मोजलं, बरोबर तीन घरं खाली.

मी तिथून निघालो. काळी पाच, पांढरी एक, पांढरी दोन. संजयनं हात लांब करून झाकणाचं दांडकं काढलं. खाली टाकलं. झाकण स्वतःच्या हातात धरलं, बरोबर माझ्या बोटांवर.

"बोट चुकून लागलं व्हतं?"
"न्हाय."
"मग?"
"म्या नेलं. तीन घरं. लोक हसले म्हनून."
"मला तवाच कळलं व्हतं. बटन तीनदा टिक वाजलं. तुझ्या तोंडून पायजे व्हतं."

मी बोटं काढली नाहीत. काढावीशी वाटली, खोटं कशाला लिहू.
"वाजव," म्हणाला.

वाजवलं. सहाव्या सुराला चुकलो, परत पहिल्यापासून घेतलं. तो हळू आवाजात माझ्याबरोबर गात होता, झाकण तसंच धरून. शेवटचा सूर लागला, मी हात मांडीवर घेतले. मग त्यानं झाकण सावकाश मिटलं. दादा म्हणाला नाही एकदाही.

चहा न घेता निघाला. दारात चपला घालताना विचारलं, शिकवणी परत कवा. रविवारी, मी म्हणालो.

"येतो," म्हणाला. "झाकण मीच धरनार."