घोडी सरकू देऊ नकोस

वाशी, सेक्टर १
रविवार, १० मार्च १९८५

प्रिय हसन्यास,

गंगारामचा सलाम. तुझ्या वाटचा जयभीम मीच घेऊन टाकला आहे, उगाच टपालात अडकायला नको.

इकडे सगळे ठीक. दुर्गाचे गुडघे दुखतात, पण तोंड ठणठणीत आहे. मुक्ता सातवीत आहे आणि बापाला गणित येत नाही हे तिला कळून चुकलंय. वाशी तर तू ओळखणारच नाहीस. तू गेलास तेव्हा बिल्डिंगच्या मागे चिखल आणि बेडूक होते. आता सोसायटी आहे, तिच्या मीटिंगा आहेत, आणि टाकीच्या पाण्यावरून भांडणं आहेत. बेडूक परवडले.

तुझं बहरीनचं पत्र अठ्ठावीस तारखेला मिळालं. टगबोटीची नोकरी सोडून कायमचा येतोयस. दहा एप्रिलला विमान, घरी श्रीवर्धनला जायच्या आधी आमच्याकडे, आणि चौदाला जयंतीच्या स्टेजवर आपल्या गायन पार्टीत गिटार घेऊन बसणार. दुर्गाने पत्र दोनदा मोठ्याने वाचलं आणि लगेच तुझ्यासाठी सोडे कुठून आणायचे ते ठरवायला लागली. मी पत्र खिशात ठेवून कंपनीत गेलो आणि दोन दिवस चुकीच्या रजिस्टरात नोंदी केल्या. साहेबांनी विचारलं, गंगाराम, घरी काही टेन्शन? मी म्हटलं, नाही साहेब, दोस्त येतोय.

सदू ढोलकीवर अजून तसाच पुढे पळतो. तुझी गिटार थांबली तेव्हापासून त्याला धरून ठेवणारं कुणीच नाही. सोसायटीतल्या रावसाहेबांच्या पोराने एकदा नवी गिटार आणली होती, सपाट, लाल, रेडिओच्या खोक्यासारखी. वाजायची खणखणीत. पण तुझीचं पोट कसं फुगीर, व्हायोलिनसारखं, वर ती दोन वाकडी भोकं, आणि तो रंग, मध्ये मध आणि कडेला जळका गूळ. तू जहाजावर होतास तेव्हा हॅम्बुर्गच्या त्या म्हाताऱ्याने ती तुला का दिली असेल, याचा मी अजून विचार करतो. वायर न जोडता छेडली तर घरापुरतं बोलते, आणि जोडली तर सगळं मैदान गप्प. अठ्ठ्याहत्तर साली लाउडस्पीकरसमोर ती हुंकार द्यायला लागली आणि तू दुर्गाच्या जुन्या निळ्या पातळाच्या चिंध्या भोकांत कोंबल्यास, आठवतं ना? दुर्गा अजून त्या पातळाचा हिशेब मागते.

तर तू विचारलंस, घोडी कशी आहे.

प्रत्येक पत्रात तू हेच विचारतोस. तारा ज्या छोट्या लाकडी तुकड्यावर टेकतात, तिची एवढी चौकशी तू स्वतःच्या मेहुण्याचीही केली नसशील. एकोणऐंशीला तू गिटार माझ्याकडे ठेवलीस, श्रीवर्धनच्या खाऱ्या हवेत लाकूड फुगेल म्हणून (जशी काही वाशीला खाडी नाहीच), आणि विमानतळावर आत जाता जाता एवढंच म्हणालास, "गंग्या, घोडी सरकू देऊ नकोस. बाकी काय पण होऊ दे." मी दर पत्राला उत्तर दिलं, घोडी जागेवर आहे. ते खोटं नव्हतं, हसन. इतकी जागेवर होती की भूकंप झाला तरी हलली नसती.

आता लिहूनच टाकतो. दुर्गा समोर बसली आहे आणि मी थांबलो की बघते.

ऐंशी सालच्या जयंतीच्या आदल्या रविवारी मी गिटार पुसायला काढली. नीट पुसता यावी म्हणून सहाच्या सहा तारा काढल्या, आणि घोडी खट्कन माझ्या मांडीवर पडली. तू एवढं बजावून गेलास आणि वर्षाच्या आत मी ती मोडली. कुणाला विचारायची लाज वाटली. आमच्या तळमजल्यावर दत्तू सुतार राहतो, त्याच्याकडे तशीच चादरीत गुंडाळून नेली. त्याला म्हटलं, अशी बसव की परत कधी सरकता कामा नये. तो भला माणूस, सांगितलं ते केलं. खालून भरपूर सरस लावला आणि दोन्ही टोकांना एकेक स्क्रू पिळला. वरच्या लाकडातून आरपार.

मी वर आणून तारा चढवल्या. मोकळ्या तारा सुरात लागल्या. मला वाटलं, सुटलो. पण बोटं जसजशी वर सरकवावीत तसतशी ती बेसूर होत जाई. बाराव्या पट्टीवर तर कानात खडा गेल्यासारखं व्हायचं. मग मी तिला कपाटावर ठेवली आणि तुला लिहिलं, घोडी जागेवर आहे.

इथवर ठीक होतं. वस्तू आहे, माणसाच्या हातून मोडते. पुढचं लिहायला मला तीन वर्षं लागली.

ब्याऐंशीला तू पंधरा दिवसांच्या रजेवर आलास, बहिणीच्या, जैनबच्या लग्नाला. मी ताप आल्याचं कळवलं. ताप नव्हता. लग्नात तू गिटार मागशील म्हणून आलो नाही. मग तुझी चिठ्ठी आली की परत जायच्या आदल्या दिवशी वाशीला येतोय, तब्येत बघायला. मी उलट निरोप पाठवला की हवापालटाला गावी जातोय. तुला तो मिळाला नाही, की मिळूनही तू आलास, ते मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मी गावी नव्हतो. घरात होतो. दुर्गाला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. ती म्हणाली, "दाराला लावते, पण माझ्या तोंडाला कोण लावणार?" आणि मुक्ताला घेऊन बहिणीकडे निघून गेली. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

तू आलास तेव्हा मी दारापासून चार हातांवर बसलो होतो. मासळीची पाटी घेऊन जिना चढणारी बोनकोड्याची जाईबाई तुला म्हणाली, "गंगारामभाव नाय घरान. कुलूप हाय, दिसत नाय का?" तू हसलास. तुझं हसणं मी हजारात ओळखीन. म्हणालास, "असू दे मावशी, माझी गिटार आहे ना आत. तिला सलाम करून जातो." आणि तू दारावर बोटांनी आपला ठेका वाजवलास, कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाजवायचो तो, आणि शेवटच्या दोन मात्रा सोडून थांबलास. त्या दोन नेहमी मी हार्मोनियमवर भरायचो. मी हात मांडीखाली दाबून धरले, हसन. तू थोडा वेळ उभा राहिलास आणि जिना उतरून गेलास.

जाईबाईकडे तू तारांचा नवा सेट ठेवून गेलास. दुसऱ्या दिवशी तिने तो दिला आणि म्हणाली, "तुमचा दोस्त लय चांगला मानूस. दाराशी पन बोलतो." मी तो सेट अजून फोडलेला नाही. कुठल्या तोंडाने फोडू?

तुझं पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी मी गिटार घेऊन मुंबईला गेलो. डोंगरीत व्हायोलिनं दुरुस्त करणारे अब्दुल्लाचाचा आहेत, त्यांचा पत्ता साहेबांनी दिला. चाचांनी ती मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ नुसता हात फिरवत बसले. मग घोडीवर बोट आलं आणि चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "ये किसने चिपकाया?"

मी म्हटलं, तुटली होती.

ते म्हणाले, "टूटी नहीं थी, बेटा. ये कभी चिपकी होतीच नहीं. तार के दबाव पे खड़ी रहती है. सूर के लिए आगे-पीछे करना पड़ता है, इसलिए."

मी त्यांच्या दुकानात स्टुलावर बसलो आणि रडलो. पन्नाशीला आलेला माणूस. चाचांनी चहा मागवला. मोडलं काहीच नव्हतं रे. तुला एक ओळ लिहून विचारलं असतं, तर तू पोट धरून हसला असतास, दुसऱ्या पत्रात कशी बसवायची ते लिहिलं असतंस, आणि जैनबच्या लग्नात मी हार्मोनियम वाजवला असता.

काल मी पुन्हा जाऊन ती घेऊन आलो. चाचांनी वाफेने सरस सोडवला, स्क्रू काढले, भोकांत लाकडाच्या काड्या बसवून रंग दिला. तरी उजेडात दोन ठिपके दिसतात, आणि एका ठिपक्यापासून केसाएवढी चीर आहे. ती वाढणार नाही म्हणाले. पोटातून निळ्या पातळाची चिंधीही निघाली. दुर्गाने ती धुऊन वाळत घातली आहे.

चाचा तारा चढवून देत होते. मी नको म्हटलं. घोडी वर्तमानपत्रात गुंडाळून तुझ्या न फोडलेल्या सेटाशेजारी ठेवली आहे. ती कुठे उभी करायची ते तुझ्या कानाला माहीत. तू यायचं नाही असं ठरवलंस, तर गिटार मी श्रीवर्धनला जैनबच्या हाती पोचवीन आणि तुला दोष देणार नाही. पण तू यावंस असं मला फार वाटतं. तुझ्याशिवाय मला करमलेलं नाही, हे मी आजवर लिहिलं नव्हतं.

दहा तारखेला मी रजा टाकली आहे. दार उघडं असेल, तरी तू आधी ठेका वाजव. शेवटच्या दोन मात्रा आतून येतील.

तुझा, जागेवरून सरकलेला,
गंगाराम