बिडाची तुळई

१२ नोव्हेंबर १९३४, जालना
आलो एकदाचा! दीपचंद शेठजींनी स्टेशनावर टांगा पाठवला होता. दुपारी त्यांच्या पत्नी तारादेवींनी दालबाटी वाढली. तुपाची धार थांबेना, मीही नको म्हटलं नाही. शेठजींच्या जिनिंग-प्रेसमध्ये मी आता इंजिनिअर. यंत्रं तपासायची आणि ती सुरक्षित आहेत अशा चिठ्ठीवर सही करायची, एवढंच काम. हातोडीने ठोकून लोखंडाची जात ओळखणारा माझा कान सोलापूरच्या गिरणीत नावाजलेला होता. बढाई वाटली तर वाटो, रोजनिशी माझीच आहे.

१४ नोव्हेंबर
आज रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी बांधायचा प्रेस पाहिला. धर्मराज नावाचा गडी लोखंडी पेटीत उतरून रुई पायांनी तुडवतो, बाहेर येऊन दार लावतो आणि दारावर तीन ठोके देतो. ड्रायव्हर रखमाजी भिंतीपलीकडे असतो. त्याला पेटी दिसत नाही, सरकी काढणाऱ्या जिन-यंत्रांच्या खडखडाटात हाक ऐकू जात नाही. ठोके तेवढे लोखंडातून पोचतात. तीन ठोके म्हणजे ‘बाहेर आलो’. मग तो कळ फिरवतो, खालून पाट वर येतो आणि रुई वरच्या तुळईवर दाबली जाते.

चारही खांब पोलादी, विलायती. पण सगळा भार घेणारी तुळई मात्र बिडाची, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाची, इथल्याच भट्टीतली! बीड चेपलेलं सोसतं, वाकवलेलं सोसत नाही. कोणी ठरवलं हे? धर्मराज हसत म्हणाला, “सायब, दोन सालापासून तिच्याखालीच तुडवून राह्यलो. वळखते ती मला.” त्याच्या बायकोने, सगुणाबाईने, माझ्यासाठी ज्वारीची भाकरी आणि ठेचा पाठवला. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं.

१७ नोव्हेंबर
तुळई ठोकून पाहिली. दोन्ही टोकांना आवाज खणखणीत, मधे मातीच्या भिंतीवर मारल्यासारखा. दसऱ्याला यंत्रांना शेंदूर लावतात, त्याचा थर खरवडला. खाली वीतभर भेग. दोन्ही टोकांशी खडूने खुणा केल्या.

शेठजींनी शांतपणे ऐकलं. पोलादी तुळई मुंबईहून संक्रांतीपर्यंत येईल, मोसम ऐन भरात आहे, तोवर सांभाळून घ्या म्हणाले. मी ‘अर्ध्या दाबावर चालवावा’ असं लिहून सही केली. खाल्लेल्या दालबाटीला जागलो. लाज वाटते.

२१ नोव्हेंबर
बॉयलर साफ करायचा म्हणून दोन दिवस प्रेस बंद. तरीही भेग खडूच्या खुणेपुढे चार बोटं गेली आहे. बंद यंत्रात भेग वाढत नाही.

हातोडीने एकदा ठोकलं. आतून तीनदा उत्तर आलं.

२२ नोव्हेंबर
रखमाजीला विचारलं. त्याने सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी जुनी तुळई खचली, पेटीचं दार अडकलं, आत कारभारी नावाचा गडी होता. सोडवा म्हणून त्याने दार ठोकलं. जीव खाऊन ठोकलं. रखमाजीने तीन मोजले.

“म्या कळ फिरवली, सायब. मला वाटलं, बाहेर आल्ता.”

मोसम बुडू नये म्हणून त्याच लोखंडाची तिसऱ्या दिवशी नवी तुळई ओतली. “धुतलं बी न्हाई. तसंच भट्टीत टाकलं.”

२४ नोव्हेंबर
रखमाजी शहागडला निघून गेला. नवा ड्रायव्हर आला. त्याला एवढंच शिकवलंय: तीन ठोके, कळ. मी बजावलं, धर्मराज डोळ्यांनी दिसल्याशिवाय हात लावू नकोस. त्याने मान डोलावली.

दुपारी ठोके आले. धर्मराज अजून आतच होता, रुई तुडवत; त्याने ठोकलं नव्हतं. मी धावत जाऊन ड्रायव्हरचा हात धरला. धर्मराज बाहेर आला तेव्हा हसत नव्हता.

२५ नोव्हेंबर
सही परत घ्यायला गेलो. शेठजी परभणीला. मुनीम म्हणाले, दिलेली सही दिलेली.

उद्या पुन्हा धर्मराज आत.

नाही.

२६ नोव्हेंबर, सकाळ
धर्मराजला घरी पाठवलं. पेटीत उतरून खालून भेग मोजतो, मग चालवू नका असं ठणकावून लिहितो. दोन मिनिटांचं काम. ड्रायव्हरला कशाला सांगायचं—

पेटीत. पेन्सिलीने.
तुळई खचली. माझ्या डोळ्यांदेखत, कोणी हात न लावता. दार अडकलंय. ओरडून घसा बसला. जिन-यंत्रांचा खडखडाट चालूच आहे—

ठोकायचं नाही. काही झालं तरी ठोकायचं नाही. हातोडी रुईत खोल पुरली.

धर्मराज आज येणार नाही. मीच पाठवला. सुटला बिचारा. बरं झालं—

भेग आता या टोकापासून त्या—

एक.

मी नाही. हात वहीवर आहेत माझे—

दोन.

अरे कळ नको, मी अजून आत आ—