एडमंटनची फारकत

मनीषनगर, नागपूर
१३ जुलै २०२५

चि. मिनल हिस प्रेमानंदमामाचे अ. उ. आ., वि. वि.

तुझे पाकीट मिळाले. तिकडे कॅनडात एडमंटनच्या कोर्टाने दिलेल्या घटस्फोटाची प्रमाणित प्रत, परदेशी कागद खरा असल्याचा तिच्यावरचा अपोस्टिलचा शिक्का आणि माझ्या नावाचे मुखत्यारपत्र, सगळे आले. फक्त मुखत्यारपत्राला मधोमध घडी पडली आहे. कोर्टाच्या कागदाला घडी घालू नये, हे मी तुला किती वेळा सांगितले आहे.

आता मुद्दा. विवाह नोंदणी कार्यालयात मी आणि तुझा अश्विन दोघे जाऊन आलो. तिथल्या बाई सभ्य आहेत. म्हणाल्या, परदेशी कोर्टाने लग्न मोडले ते ठीक, पण इथल्या कोर्टाने ते मान्य केल्याचा हुकूम आणा, मग दुसऱ्या लग्नाची नोटीस घेते. तोवर इथल्या हिशेबाने तू ऋषिकेशचीच बायको. अश्विनचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बेसा भागातल्या आपल्या घरी परत जाताना तो हेल्मेट माझ्याच घरी विसरला.

घाबरू नकोस. मी दहावीच्या पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही, पण या विषयावर हाती लागले ते सगळे वाचून काढले. कोर्ट दोन गोष्टी बघणार. तिकडच्या कोर्टात दोघेही राजीखुशीने गेले होते का, आणि ज्या कारणाने लग्न मोडले ते आपल्या कायद्याला मान्य आहे का. तुमचा अर्ज दोघांच्या सहीचा, वर्षभर वेगळे राहून केलेला. म्हणजे दोन्हीकडे होय. रितिका वकीलबाई हेच सांगायला लागल्या, तेव्हा त्यांचे वाक्य मीच पुरे केले.

कौटुंबिक न्यायालयात दावा दाखल झाला. त्यात एक दुरुस्ती मी करवून घेतली. बाईंनी ऋषिकेशचा फक्त एडमंटनचा पत्ता आणि ईमेल टाकला होता. लग्नाच्या दाखल्यावर त्याचा कायमचा पत्ता पारशिवनीचा आहे, तो का वगळायचा? बाई म्हणाल्या, गरज नाही. मी म्हटले, असू द्या. अर्धा पत्ता म्हणजे अर्धा माणूस.

डिसेंबरात लग्न करायचे म्हणतेस, तर इकडची काळजी माझ्यावर सोड. ताई-भाऊजींच्या मागे तुझा बाप मीच. लोभ वाढवायला जागा नाही, आहे तेवढा जप.

तुझा मामा
प्रेमानंद


एडमंटन
१९ जुलै २०२५

ती. मामांस मिनलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र यायच्या आधीच फोनवर तुम्ही पत्त्याची दुरुस्ती कौतुकाने सांगितलीत. मी ओरडले, तर म्हणालात, जे काय असेल ते लेखी दे. घ्या लेखी.

मामा, पारशिवनीला यातले काहीच माहीत नाही. ऋषिकेशने घरी घटस्फोट सांगितलेलाच नाही. आधी म्हणाला, बाबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊ दे. मग म्हणाला, मिरचीचा तोडा होऊ दे. दिवाळीला फोन आला की मी म्हणे ड्युटीवर असते.

आणि मी तरी कुठे सरळ आहे! त्याच्या आईला, प्रयागबाईंना, मी अजून आईच म्हणते. त्यांचा मला वेगळा फोन येतो. थंडीत कान झाक म्हणतात, जेवलीस का विचारतात. माझी आई गेल्यावर हे विचारणारे दुसरे कोणी उरले नाही. लग्न मोडले ते आमच्या दोघांचे, त्यांनी माझे काय बिघडवले होते? सांगायचे ठरवून फोन घेते आणि इथे बर्फ किती पडला ते सांगून ठेवून देते.

आता कोर्टाचा बेलीफ त्यांच्या दारात उभा राहिला तर? ऋषिकेश वाईट माणूस नाही, पण समोरचा जे म्हणेल त्यावर तो सही करतो. रुपरावबाबांनी लढ म्हटले की लढेल. मी इथली नोकरी सोडल्याचे पत्र देऊन बसले आहे. अश्विनला काय सांगू? तो पत्ता काढून टाका ना, मामा. तुमच्या अचूकपणाला माझा नमस्कार, पण लांबून.

मामींना नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची
मिनल


मनीषनगर, नागपूर
२४ ऑगस्ट २०२५

चि. मिनल हिस मामाचे अ. आ., वि. वि.

तुझे लेखी पोचले, पण बेलीफ त्याच्या आधी पोचला. रुपरावांनी समन्स वाचले आणि समजले असे, की तू त्यांच्या पोरावर केस टाकली. मग मला फोन. काय काय म्हणाले ते भाचीला लिहिण्यासारखे नाही. ऋषिकेशला त्यांनी बजावले, कशावरही सही करायची नाही, वकील लावायचा. रितिकाबाई म्हणाल्या, त्याने हरकत घेतली तर साक्षी आल्या, उलटतपासणी आली; मग कोणता डिसेंबर ते विचारू नका. मग दाव्यातल्या पारशिवनीच्या पत्त्याखाली लाल रेघ ओढून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

म्हणून मी पारशिवनीला गेलो. रुपरावांपुढे सगळा कायदा मांडला. ते म्हणाले, त्या बर्फातल्या कोर्टाले आमचा उंबरठा दिसला काय? आमच्यात फारकत म्हणजे चार माणसांसमोर काडी मोडायची. ती कोणी मोडली, कवा मोडली? मी कलम सांगायला लागलो, तोच प्रयागबाई आतून आल्या. डोळे सुजलेले. एवढेच म्हणाल्या, मग मोडा ना. पोराले फोन लावा, चार माणसं बोलवा अन् मोडा. तिले काहून लटकवून ठेवता?

मागच्या रविवारी तेच झाले. रितिकाबाईंना मी आधी विचारून घेतले. त्या म्हणाल्या, कायद्यात यामुळे काही होत नाही आणि बिघडतही नाही. खुशाल मोडा, फक्त दाव्यात लिहायला सांगू नका. मी सांगणारच होतो. तुझ्या बाजूने मी तुरीची वाळकी काडी धरली. ऋषिकेश मोबाइलच्या पडद्यावर, पण त्याच्याकडे काडी कुठली? त्याने दात कोरायची काडी दाखवली, तर रुपराव कडाडले, लग्न मोडून राहिला का दात कोरून राहिला बे? शेवटी हॉटेलच्या जेवणासोबत आलेली नूडल्स खायची एक चिनी काडी सापडली. मी तिची लांबी विचारली, तेव्हा मंडळींनी मला गप्प बसवले.

मोडण्याआधी एका म्हाताऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारले, दोष कोणाचा. मिनल, त्या पोराने बापासमोर तोंड उघडले. म्हणाला, वेगळं व्हायचं मीच काढलं, दोघांनी राजीनं सही केली, तिचा दोष नाही. तुम्हाले सांगायची माझी हिंमत झाली नाही. रुपरावांनी मान हलवली. मग इकडे मी आणि तिकडे ऋषिकेशने काडी मोडली. प्रयागबाई उठल्या नि म्हणाल्या, ही पोराची फारकत झाली, माझी नाही. मी चाय मांडते.

ऋषिकेशने हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र पाठवले आहे. आता तूच सांग, पारशिवनीचा पत्ता टाकला नसता तर हे झाले असते का? वकीलबाईंना मी हाच प्रश्न केला. त्यांनी पुढची फाइल उघडली.

प्रयागबाईंना तू स्वतः पत्र लिही. तू लपवून ठेवलेस याचा त्यांना राग आहे, फोन त्या उचलणार नाहीत असे दिसते. इथला जीव तुझ्यात आहे, हे वेगळे लिहीत नाही.

तुझा मामा
प्रेमानंद


मनीषनगर, नागपूर
२१ नोव्हेंबर २०२५

चि. मिनल हिस अ. उ. आ., वि. वि.

हुकूमनामा हातात आहे. एडमंटनचा घटस्फोट इथेही वैध आणि तू आज कोणाचीही पत्नी नाहीस, असे कोर्टाने जाहीर केले. व्हिडिओवर न्यायाधीशांनी विचारले तेव्हा तू स्वच्छ उत्तरे दिलीस, हे रितिकाबाईही म्हणाल्या. निकाल मी तीनदा वाचला. एका ठिकाणी स्वल्पविराम हवा होता, पण जाऊ दे.

तुम्हा दोघांच्या सहीची नोटीस नोंदणीच्या बाईंनी लावली. महिना उलटला की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लग्न. अश्विन पेढे घेऊन आला आणि हेल्मेट एकदाचे घेऊन गेला.

साक्षीदार तीन लागतात. एक मी, दुसरा अश्विनचा भाऊ. तिसऱ्या जागेसाठी तू प्रयागबाईंना विचारलेस, हे वाचून मी कायदा पुन्हा काढला. आधीची सासू साक्षीदार असू नये, असे कुठेही लिहिलेले नाही. पण रुपराव येऊ देतील असे वाटत नाही. प्रयागबाईंचे उत्तर नाही आले तर शेजारच्या सिंधूताई आहेत. तू वाईट वाटून घेऊ नकोस. ये लवकर, बाकी ममता समक्ष.

तुझा मामा
प्रेमानंद


पारशिवनी
७ डिसेंबर २०२५

मिनलले आईचा आशीर्वाद. पत्राचा मायना कसा लिहितेत ते इसरली मी, समजून घे वं.

तुयं पत्र भेटलं. उत्तराले उशीर झाला, कारन राग आला होता. खोटं काहून सांगू? दोन वर्षं तू मले बर्फ किती पडला तेच सांगत राहिली, अन् मी येडी बयताड तुयासाठी मिरच्या वाळवत राहिली. मंग वाटलं, जे पोरगी मले सांगाले इतकी भ्याली, तिले मी काहीतरी लागत असन. नाहीतं कोन कोनाले भेते?

तुया बाबायले सांगतलं का मी नागपूरले सहीले चालली. ते म्हनते, सुनेच्या दुसऱ्या लग्नात सही करनारी तू पहिलीच सासू असशीन. म्या म्हटलं, बरं झालं, कशात तं पहिला नंबर आला. आता दोन दिवसापासून तेच इचारून राहिले, गाडी कितीले कराची. वर येत नाही, खाली गाडीतच बसतो म्हनते. बसू दे, भूक लागली का येतीन वर.

तुया मामाचा फोन आला होता. आधार कार्ड आना, कार्डावर जसं नाव हाय तसंच लिहा, सही कराले घाई करू नोका. म्या म्हटलं, भाऊ, सातवी शिकली मी. सही येते.

अश्विनले सांगजो, मी काही त्याची परीक्षा घ्याले येऊन नाही राहिली. भेऊ नोको म्हना, फक्त जेवन बरं ठेव म्हना.

तुया पहिल्या लग्नाच्या कागदावर सगळ्या गडी मानसाहीच्याच सह्या होत्या. मले कोनी इचारलंच नाही. ह्या बारीले मी सही करून राहिली. तवा आता नीट संसार कर, माया सहीची लाज राख.

तुई आई
प्रयागबाई