माझ्याच मागावर तुझा मोहित

कबनूर, शुक्रवार

तीर्थरूप अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. ते तापलेलं आहे, तेव्हा पाय जरा जपून. दाजींचा गुडघा कसा आहे? आजऱ्याहून धाडलेली घनसाळ तांदळाची पिशवी पोचली. भात गिळला, राग गिळता आला नाही. आम्ही सगळे खुशाल आहोत, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहितो. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस (समोर असलो तरी देत नाहीस), म्हणून हा कागद.

आमच्या यंत्रमाग कारखान्यातले आम्ही सोळा मागवाले मंगळवारपासून संपावर आहोत. चार वर्षं मजुरी वाढलेली नाही. मागायला गेलो तर मालक विजयसिंह रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "भाईर बगा, पोरं रांग लावून हुबी हायत. ही काय संप करायची येळ हाय व्हय?" अक्का, बावीस वर्षं माग चालवतोय मी. तेजी असली की म्हणतात, ऑर्डरी आल्यात, आता माग थांबवू नका. मंदी आली की म्हणतात, मालाला उठाव नाही, आता काही मागू नका. आणि बेकारी वाढली की ही रांग दाखवतात. मग कामगारानं संप करायचा तरी कधी? पंचांगात एखादा मुहूर्त असेल तर दाजींना बघायला सांग! रांगेला भिऊन आम्ही गप्प बसलो, तर उद्या त्या रांगेतल्या पोराला कामावर घेतल्यावर त्यालाही ह्याच मजुरीत गप्प बसावं लागणार, एवढी साधी गोष्ट कुणाच्या टाळक्यात शिरत नाही.

असो. मंगळवारी सकाळी सातला गेटसमोर मांडव घातला. करीमनं (हा आमचा पुढारी, ह्याला लाऊडस्पीकर लागत नाही) पहिली घोषणा ठोकली, आणि आतून उत्तर आलं, खटाक खटाक खटाक. माग चालू!

आता आमची एक रीत तुला सांगायला हवी. मागावरच्या माणसाला सुट्टी हवी असेल तर त्यानं आपल्या जागी बदली माणूस आपणच द्यायचा. लग्न असो, मयत असो, माग थांबता कामा नये. मी तापानं फणफणत असतानाही आधी बदली शोधलाय आणि मग डॉक्टर. तर सोमवारी, उद्या कामावर जायचं नाही, एवढंच डोक्यात होतं आणि हात आपोआप फोनकडे गेला. सोळाच्या सोळा जणांचं हेच झालं. संपावर जाताना प्रत्येक शहाण्यानं आपापला बदली लावून दिला! करीमनं मेहुणा दिला, तोहिद. मी कोण दिला असेन? इंजिनिअर होऊन तीन वर्षं घरी बसलेला आणि महिनाभर माझ्याकडे राहून माग शिकलेला तुझा मोहित.

आता त्यांच्यातला एकही बाहेर येईना. शिव्या घालाव्यात तर घालायच्या कुणाला? करीम "गद्दारांनो" म्हणून सुरुवात करतो, तोवर त्याची बहीण आफशीन नवऱ्याचा, म्हणजे तोहिदचा, डबा घेऊन समोरून जाते. करीम तिथंच खोकायला लागतो. आणि तुझा मुलगा! माझ्या घरी राहतो, माझ्या सायकलवरून येतो, मांडवासमोर थांबून "येतो हं मामा" म्हणतो आणि आत जाऊन माझेच चार माग चालवतो. तुझी भावजय दोन डबे भरते, एक संपवाल्याचा, एक संप मोडणाऱ्याचा. काल अंडी त्याच्या डब्यात. का, तर तो राबतो! वर मालकांनी आम्हाला चहा पाठवला, निरोपासकट: "माणसं लई भारी दिलीत की." तो चहा मी रागानं ओतून टाकला (अर्धा).

मला मालकाचा संताप येतो, मोहितचा येतो आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा येतो. तरी संप मोडणार नाही. दाजींना नमस्कार सांग, आणि गुडघ्याला रोज शेक द्या.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. – जे सांगायचं होतं ते वर लिहायला धीर झाला नाही. मोहितला फोन करून बाहेर यायला सांग. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. तीन वर्षांनी पोरगा सकाळी डबा घेऊन बाहेर पडतोय, हे तू सगळ्या गल्लीला सांगितलं असशील. मी काय मागतोय ते मला कळतं गं. पण आतले आत राहिले तर आम्ही सोळा जण संपलो.

ता. क. २ – पाकीट चिकटवायच्या आत पाळी संपवून मोहितच बाहेर आला. डोकं कापसाच्या तुसांनी पांढरं, माझ्याहून म्हातारा दिसत होता. मी तोंड उघडणार, तर तोच म्हणाला, "मामा, संपावर जायला आदी नोकरी लागती की. तुमाला हुती. मला चार दिस झालं लागून, आता मीबी करतो संप." आणि माझ्या शेजारी येऊन बसला. अक्का, मी रडलो, सगळ्यांसमोर.

ता. क. ३ – तेवढ्यात विजयसिंह गेटातून ओरडले, "ए त्र्यंबक, तुजा बदली भाईर आला! दुसरा दे की!" आणि काय सांगू, माझा हात खिशातल्या फोनकडे गेला. तुझ्या धाकट्याचं, दत्तप्रसादचं, नाव अगदी ओठांवर आलं होतं. तेव्हा चार दिवस एवढंच कर. माझा फोन आला तर तो दत्तप्रसादच्या हातात देऊ नकोस.