वेस्ट इंडीजला निघालेली तुमची नात

आबा,

तुमची नात, माझी पोरगी, वेस्ट इंडीजला निघाली आहे. तुम्हाला हे नाव फक्त क्रिकेटमुळे ठाऊक, म्हणून आधीच सांगते, ती सामने बघायला चाललेली नाही. तिथल्या एका बेटावर आपल्या बाप्टिस्ट मिशनच्या लोकांबरोबर नवी ख्रिस्ती मंडळी उभी करायला चालली आहे. उसाच्या मळ्यांसाठी बोटींतून नेलेल्या आपल्याकडच्या माणसांची पतवंडं तिथे राहतात म्हणे. भाषा विसरली, पण पोळी विसरली नाहीत. कुणाच्या तरी ओसरीवर बसायचं, मुलांना गाणी शिकवायची, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करायची, आणि चार माणसं टिकली की झाली मंडळी सुरू. ती सांगत होती तेव्हा मी कळण्याची भाकरी थापत होते. मनात म्हटलं, अगं बाई, ही तर आमची सुरतेतली लिंबायतची खोली.

त्या खोलीत रविवारी तुमच्याच खात्यातले लूमवाले जमायचे. आयुष्य कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटात गेलेलं, हळू बोलणं कुणाला येतच नसे. तुमची प्रार्थना ऐकून शेजारची काकू दारात येऊन विचारायची, "भांडन चाली ऱ्हायनं का?" मग तीच आत येऊन बसायला लागली. ही नुसती चहासाठी येते, असं मी एकदा कुरकुरले, तर तुम्ही सगळ्यांदेखत खडसावलंत, "च्यासाठे येस ना? मंग येऊ दे. तू च्या ठेव."

आणि तो तापीवरचा दिवस. आपल्यात बाप्तिस्मा म्हणजे अख्खं माणूस पाण्याखाली, शिंपडून भागत नाही. एका खोलीत एवढं पाणी कुठलं? पण खान्देशी माणसाला तापी म्हणजे घरचीच नदी. आदल्या संध्याकाळी तुम्ही जाऊन बघून आलात, छातीभर पाणी होतं. सकाळी आम्ही पांढरे कपडे घालून रिक्षांतून उतरतो, तर समोर नुसता चिखल. गावाकडची तापी आपली मुकाट एका दिशेने वाहते. सुरतेत समुद्र तिचं पाणी आत-बाहेर करतो, हे आपल्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. "पानी कोठे गयं?" म्हणत तुम्ही उभे. काठावर होडी दुरुस्त करणारा एकजण पोट धरून हसतो आहे, "ओट छे, काका! बेसो, भरती आवशे." आई म्हणते, चला घरी, शोभा झाली तेवढी पुरे. दोघेजण मागच्या मागे सटकायच्या बेतात आहेत. आपली मंडळी आज इथे चिखलातच संपणार, असं मला वाटतं आहे. तुम्ही मात्र चपला काढून काठावर बसता आणि त्या हसणाऱ्यालाच हाक मारता, "आवो भाई, तुमे पण बेसो." मग गाणी सुरू होतात. सटकणारे परत येऊन बसतात.

दुपारी पाणी चढलं. माझी पाळी आली तेव्हा मी घाबरून तुमचा सदरा असा धरला की तुम्हाला मला बुडवताच येईना. तुम्ही माझी बोटं सोडवलीत आणि म्हणालात, "सोड. मी शे ना." मी सोडला. तेवढा विश्वास मी पुन्हा कुणावर टाकल्याचं आठवत नाही, आबा.

आता लोक म्हणतात, काखेत कळसा नि गावाला वळसा, इथे शेजारच्या गोडादऱ्यात काय काम कमी आहे? त्यांना मी चांगलं फटकारते. पोरगी म्हणते, "मम्मी, टेन्शन नको घेऊ ने, रोज व्हिडिओ कॉल करेन." तिचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती गेली की डिंडोलीच्या या घरात मी कुणावर ओरडू? तुम्ही असता तर पेढे वाटले असते आणि माझं तोंड बंद केलं असतं. पाळकाच्या मुलीने हे मंडळीत कुणाला बोलून दाखवायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. हा कागद टपालात टाकायचा नाही, हे एक बरं आहे.

तिचा व्हिसा अजून यायचा आहे. दर रविवारी मीच उभी राहते आणि तुमच्यासारखी मोठ्याने प्रार्थना करते, प्रभू, त्या लोकांना हिची गरज आहे, लवकर वाट मोकळी कर. सगळे आमेन म्हणतात. घरी येऊन ओट्यापाशी उभी राहिले की मी प्रभूला हळूच सांगते, मघाचं मनावर घेऊ नकोस.