घरी मोठ्याने वाचून दाखवावे

३ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न.

मी मुख्याध्यापक झालो तेव्हा तुला हसू आवरलं नव्हतं. तुझं बरोबरच होतं. सहामाहीला सातवीतली अडतीसपैकी तीस मुलं नापास! वार्षिकलाही असंच झालं तर सातवी बंद, असं वरून लेखी आलंय. पुढची शाळा दोन तास चालत, म्हणजे मुली घरीच बसणार.

आईबाप सगळे गिरणीत, पहाटे जातात ते अंधार पडल्यावर येतात. म्हणून तिसांना खरमरीत चिठ्ठ्या धाडल्या : मूल नापास आहे, सभेला या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून खाली लिहिलं, ‘पाल्याने घरी मोठ्याने वाचून दाखवावे.’ आहे की नाही डोकं?

लोभ असेलच, नसला तर उसना दे.
धाकटा

८ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

डोकं आहे रे, पण केसांबरोबर अक्कलही गळाली. चोराच्या हाती किल्ल्या दिल्यास! स्वतःची चौथी विसरलास वाटतं? सभेचं लगेच कळव, मला हसायचंय.

तुझी ताई

१५ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न.

हस पोटभर. सभेची तारीख मी गिरणीतही सांगून ठेवली होती, झाडून सगळे आले, दिवसाची मजुरी बुडवून, धुतलेले कपडे घालून. मी रागाचं भाषण काढणार, तोच एक आई उठली. म्हणाली, साहेबांनी पोरीचं एवढं कौतुक लिहिलं, ऐकून आम्ही रडलो. मग एकेकाचं सुरूच झालं. तीस चिठ्ठ्या, तीस हुशार मुलं! पोरं खिडकीतून बघत होती, तोंडं पांढरीफटक.

ताई, मी खिडकीकडे पाहिलं. शेवटी म्हणालो, लिहिलंय ते खरंच आहे. भाषण खिशात घामाने भिजलं. असा मी, सरकारमान्य खोटारडा.

पण दुसऱ्या दिवशी शाळेआधी तासभर तीसही मुलं फाटकाशी हजर. म्हणाली, सर, शिकवा, आता ते खरं करायला पाहिजे.

तुझाच मूर्ख,
धाकटा

६ मे

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

चार सोडून सगळे पास, सातवी टिकली, हे वाचून मी शेजारणीला उगाचच मिठी मारली. त्या चौघांना सुट्टीत सोडू नकोस.

आता ऐक. चौथीत गुरुजींची चिठ्ठी तू आईला वाचून दाखवलीस, ‘मुलगा गणितात पहिला.’ तू खेळायला पळालास आणि आईने ती माझ्या हातात दिली. मी खरं वाचलं. आईने चिठ्ठीची घडी घातली आणि म्हणाली, त्याला बोलू नकोस, त्याने वाचलंय तसा होईल तो.

चिठ्ठी तिने जपून ठेवली होती, सोबत पाठवतेय. बायकोला मोठ्याने वाचून दाखव, आणि या खेपेस लिहिलंय तसंच.

तुझी ताई