अख्खी सुरमई

आई, आज तुझ्या आठवणीच्या ताटात मी काय वाढलं ते तुला सांगायचंय. बरोबर केलं की चूक, मला खरंच कळत नाहीये.

आपल्यापासून समुद्र एवढा लांब, त्यामुळं औरंगाबादेत येणाऱ्या मासळीवर तुझा कधी विश्वासच नव्हता. तुकडे घ्यायचे नाहीत, हा तुझा कायदा. "कापलेलं कधीचं हाय, कुणाला ठावं? डोकं दिसलं पायजे." मग अख्खी आपल्या तव्यावर मावावी म्हणून सुरमई लहानच घ्यायचीस. मासळीवाले चाचा वैतागायचे, "आपा, एक बार मोठीचा तुकडा नेऊन तर बघा!" तू त्यांच्याकडं न बघता माशाचे कल्ले उघडून बघतेस, हुंकार भरतेस, आणि मी पिशवी धरून उभी. सुरमई म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत एवढी, हेच मला पन्नाशीपर्यंत ठाऊक.

तू गेल्यावरही दरवर्षी तुझ्या ताटासाठी मी तशीच तळत आले. यंदा बाजारात तुझी नात सोबत होती. ती कोकणात मासेमारीचंच शिकते. मी नेहमीसारखी एक निवडली, तर म्हणाली, "मम्मी, हे पिल्लू हाय. हिनं अजून एकदाबी अंडी घातली नाहीत. एवढी लहान धरायचीच नाय, असा नियम हाय. मोठी झाली की माणसाएवढी लांब होती ही. दुसऱ्या माशांच्या मागं लागून शिकार करती. आन् तू निवडून निवडून हीच घेती?"

मी म्हटलं, मग मोठी घेते, आजीला गाभोळी आवडायची. तर म्हणे, अंड्यांनी भरलेलीही नको. चाचांचा मुलगा हसायला लागला, "ताई, मंग खायचं तरी काय?" मलाही हसू आलं आणि रागही आला. तुझ्यावर, तिच्यावर, कुणावर ते समजेना. पोरगी खरं बोलत होती. तूही माझ्या पोटाच्या काळजीनंच कल्ले तपासत होतीस. दोघी बरोबर असाल तर मी कुठं उभं राहायचं?

शेवटी मोठीचे तुकडे आणले, गाभोळीशिवाय. चव लई चांगली होती. तेच मला सहन झालं नाही. तुझ्या ताटासमोर मला रडू आलं, तर तुझी नात म्हणाली, "तू किती समजून घेतलंस गं." मी डोळे पुसून तिला वाढायला घेतलं.

हे पत्र तुला पोचणार नाही म्हणूनच लिहिते. मी माशांसाठी रडले नाही, आई. तुझं बाकी सगळं मी कधीच सोडून दिलंय. पाळत होते ते एवढंच.